हँडलबार्सचे रनटाइम मॉड्यूल: जोडणी सोपी, पथ्य कडक

येहुदा कॅट्झ यांनी मस्टॅश या टेम्प्लेट भाषेच्या धर्तीवर लिहिलेली हँडलबार्स ही टेम्प्लेटमध्ये, म्हणजे रिकाम्या जागा सोडलेल्या साच्यात, माहिती भरून पानाचा मजकूर तयार करणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी दोन रूपांत मिळते: कंपायलरसह (टेम्प्लेटचे जावास्क्रिप्ट फंक्शन बनवणाऱ्या भागासह) पूर्ण, आणि कंपायलर वगळलेले, फक्त तयार फंक्शने चालवणारे रनटाइम. ज्या साइटवरील टेम्प्लेट आधीच ठरलेली असतात, तिथे प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये कंपायलर पाठवण्यात काही हशील नाही. अशा कामाला रनटाइमच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून पॅकेज घ्यायचे, त्यासोबत येणाऱ्या कमांडने टेम्प्लेटच्या फाइलींची जावास्क्रिप्ट फंक्शने करून घ्यायची आणि पानात आधी रनटाइम व मग ही तयार फाइल जोडायची, एवढीच मांडणी आहे. फोल्डरमधील फाइली ‘एचबीएस’ एक्स्टेन्शनच्या असतील, तर ते मात्र कमांडला सांगावे लागते, अन्यथा ती त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

अडखळायला होते ते पार्शलपाशी, म्हणजे दुसऱ्या टेम्प्लेटमध्ये वापरायच्या छोट्या टेम्प्लेटपाशी. पूर्ण लायब्ररीत पार्शल साध्या मजकुराच्या रूपात नोंदवले तरी चालते, कारण ते ऐनवेळी कंपाइल होते; रनटाइममध्ये ती सोय नसल्याने पान त्रुटी दाखवून थांबते. पार्शलही आधीच कंपाइल करून घेणे, हाच त्यावर उपाय. त्रुटीचा संदेश नेमके कारण सांगतो, हे श्रेय मात्र दिलेच पाहिजे. स्वतःचे हेल्पर, म्हणजे टेम्प्लेटमधून बोलावता येणारी फंक्शने, ब्राउझरमध्येच नोंदवायचे असतात. अट तपासणारा ‘इफ’ आणि यादीतील प्रत्येक घटक घेणारा ‘ईच’ हे हेल्पर रनटाइममध्ये आयतेच मिळतात.

सर्वांत कडक पथ्य आवृत्त्यांचे आहे. कंपाइल झालेल्या फाइलीत कंपायलरचा पुनरावृत्ती (रिव्हिजन) क्रमांक लिहिलेला असतो आणि रनटाइम तो तपासूनच पुढे जाते, त्यामुळे ४.३ ने तयार केलेली फाइल ४.२ च्या रनटाइमवर चालत नाही. संगणकावर ग्लोबल इन्स्टॉल केलेली कमांड नवी आणि प्रकल्पातले रनटाइम जुने, हा घोळ सहज होण्यासारखा असल्याने कमांड प्रकल्पातच ठेवावी आणि दोन्हींची आवृत्ती एकच राखावी.

या खटाटोपाचा मोबदला केवळ लहान फाइल एवढाच नाही. ब्राउझरमध्ये कंपाइल करताना मजकुरातून फंक्शन बनवावे लागते आणि कडक सुरक्षा धोरण असलेल्या साइटवर त्यासाठी ‘अनसेफ-इव्हॅल’ची सूट द्यावी लागते, रनटाइमला ती लागत नाही. बँकेसारख्या ठिकाणी एवढे एक कारणही पुरेसे ठरावे. टेम्प्लेट डेटाबेसमधून येऊन ब्राउझरमध्येच कंपाइल व्हायची असतील, तर मात्र पूर्ण लायब्ररीला पर्याय नाही.