सेंट जॉन्स वर्टच्या कॅप्सूल: माल बरा, लेबल अर्धवट

मूड डाऊन असायचा, सारखी धाकधूक, म्हणून सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीच्या या कॅप्सूल घेतल्या. ३०० मिलिग्रॅमच्या आहेत आणि ०.३ टक्के हायपेरिसिन (या वनस्पतीतला एक घटक) असं स्पष्ट छापलंय हे आवडलं, नाहीतर बऱ्याच बाटल्यांवर नुसतं "हर्बल अर्क" लिहून मोकळे होतात. फरक पडायला काही आठवडे लागतात, दोन दिवसांत जादू वगैरे विसरा. मला सकाळी उठायचा कंटाळा कमी झाला, धाकधूक मात्र फारशी हलली नाही. तशीही ही वनस्पती सौम्य ते मध्यम डिप्रेशनसाठी, अँग्झायटीसाठी तेवढा पुरावा नाहीये.

आता खरी चिडचिड. बाटलीवर मोठ्ठं "नॅचरल, साइड इफेक्ट नाही" लिहिलंय, हे चक्क खोटं आहे राव! डॉक्टरांनी आधीच विचारलं, दुसरं काही चालू आहे का, कारण हे लिव्हरमधले औषधं मोडणारे एन्झाइम वाढवतं आणि गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, ट्रान्सप्लांटनंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून घ्यायचं सायक्लोस्पोरिन यांचा असर कमी होतो, आणि डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांसोबत घेतलं तर सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) जास्त वाढून जिवावर बेतू शकतं. यातलं एक अक्षर लेबलवर नाही. उन्हात त्वचा लाल होऊ शकते तेही नाही.

झाकण घट्ट, कॅप्सूल गिळायला सोपी, वास गवतासारखा. पाचपैकी तीन स्टार, दोन त्या लेबलपायी कापले. आणि जीव नकोसा वाटत असेल तर कॅप्सूलबिप्सूल नको, सरळ डॉक्टर गाठा.