छातीच्या ऑपरेशनसाठी सर्जन निवडताना: व्हिडिओ कॉल की प्रत्यक्ष भेट?

पुरुषांची छाती वाढणं, म्हणजे गायनेकोमास्टिया, हा विषय सोलापुरात बोलायचा कुणाशी? सात रस्त्यावरच्या एखाद्या दवाखान्यात नंबर लावून बसलं, की 'काय झालं हो?' विचारणारं ओळखीचं माणूस भेटतंच. म्हणून मी आधी पुण्यातल्या दोन सर्जनशी व्हिडिओवर बोललो. दार लावलेलं, बायको शेजारी. अडीचशे किलोमीटरची खेप वाचली आणि समोरासमोर तोंडातून निघाले नसते ते प्रश्नही विचारून झाले. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दाखवायचा असतो. तो मागा, प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. ही पदवी आहे का तेही विचारा. एका ठिकाणी डॉक्टरांपेक्षा पॅकेज सांगणाऱ्या बाईच जास्त बोलल्या. ते नाव तिथेच सोडलं.

दुसरे डॉक्टर भले वाटले. पण मोबाईल कपाटाला टेकवून मी उघडा उभा असताना ते म्हणाले, "स्तनाग्राच्या मागे दाबून बघा, कडक लागतं का?" आता कडक म्हणजे किती? मी आयुष्यात पहिल्यांदाच तसं दाबत होतो. 'मऊच आहे' म्हणालो आणि त्या एका शब्दावर नुसत्या लायपोसक्शनचा, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याचा, अंदाजे खर्च आला. तो शब्द मला आठवडाभर टोचत राहिला.

शेवटी सोलापुरातल्याच सर्जनकडे गेलो. त्यांनी चिमटीत धरून पाहिलं, मग माझं बोट त्या जागी ठेवलं. आत बटणासारखी चकती होती! चरबी लायपोसक्शनने निघते, अशी घट्ट ग्रंथी मात्र बहुधा छेद देऊन काढावी लागते. माझा निर्णय तिथेच झाला.

सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपल्यावर ऑपरेशन झालं. घट्ट प्रेशर जॅकेट सहा आठवडे घालायचं, ते उन्हाळ्याआधी सुटावं हा हिशेब डॉक्टरांनीच मांडला. तिसऱ्या दिवशी एका बाजूला सूज वाढली, तेव्हा रिक्षाने वीस मिनिटांत त्यांच्यापुढे होतो.

नाकाच्या ऑपरेशनसाठी व्हिडिओ कदाचित जास्त उपयोगी पडेल. फक्त फोन लांब ठेवा, कारण 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. छातीसाठी मात्र, निदान माझ्यापुरतं, पैसे भरण्याआधी एकदा डॉक्टरांचा हात लागायला हवा. टाके निघाल्यानंतरच्या दोन तपासण्या आम्ही व्हिडिओवरच केल्या, त्यात काही अडलं नाही.