पाण्याशी वाकडं, बाकी सरळ: लाकडी मुठीच्या घडीच्या चाकूसोबत १४ महिने

चाकू घेतल्यावर चार दिवसांत लिहिलेले अनुभव मी वाचत नाही. चार दिवस कुठलाही चाकू चांगलाच असतो. हा माझ्याकडे येऊन १४ महिने झाले आणि त्यातला एकही महिना तो घरात बसून राहिलेला नाही. डोंगरातल्या वाटा, नदीकाठचे मुक्काम, बागेतली छाटणी आणि एरवी पार्सलची खोकी फोडणं. आता त्याच्याबद्दल बोलायला हरकत नाही.

वस्तू अगदी साधी. बीच नावाच्या युरोपी झाडाच्या लाकडाची गोलसर मूठ, तिच्यात लांबीने पाडलेली चीर, त्या चिरेत घडी होऊन बसणारं कार्बन स्टीलचं पातं, ते जिच्यावर फिरतं ती आरपार ठोकलेली एक रिव्हेट (धातूची खीळ) आणि मानेवर फिरणारं, पातं अडकवणारं स्टीलचं कडं. संपलं. पातं साडेआठ सेंटिमीटर, वजन साधारण ४५ ग्रॅम. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही, बटण नाही, खिशाला अडकवायची क्लिप नाही. हा घाट जुना आहे. फ्रान्समधल्या सॅव्हॉय भागात, आल्प्सच्या डोंगरात, अवजारं घडवणाऱ्या घरातल्या जोझेफ ओपिनेलने १८९०मध्ये असा चाकू केला. १८९७पासून तो १ ते १२ अशा आकारांत निघू लागला, आणि लोक अजूनही आकार नंबरानेच सांगतात. कडं मात्र बरंच नंतर, १९५५मध्ये मार्सेल ओपिनेलने आणलं. त्याआधी पातं उघडं राहायचं ते निव्वळ लाकडाच्या घट्ट पकडीवर. ही पकड लक्षात ठेवा, पुढे घोडं तिथेच अडलं आहे.

माझा चाकू याच घाटाचा. कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्यातल्या निम्म्या माझ्याच करणीच्या आणि उरलेल्या लाकडाच्या स्वभावाच्या.

पहिली गोष्ट म्हणजे तो कापतो. हे वाचून हसू येईल, पण बाहेर न्यायचे म्हणून विकले जाणारे बरेच चाकू कापत नाहीत, फोडतात. माझ्या आधीच्या चाकूचं पातं पाठीकडे साडेतीन मिलिमीटर जाड होतं. दणकट दिसायचा, हातात घेतला की आपण काहीतरी आहोत असं वाटायचं. त्याने गाजर कापायला घेतलं की धार अर्ध्यापर्यंत जायची आणि मग गाजर 'टक्' करून तडकायचं, तुकडा उडून गवतात. या चाकूचं पातं पाठीकडेही जेमतेम पावणेदोन मिलिमीटर आहे आणि तिथून धारेपर्यंत निमुळतं होत गेलंय. टोमॅटोची चकती काढताना नुसतं वजन टाकून मागे ओढायचं, बाकी काही करावं लागत नाही. दोरी, पुठ्ठा, झाडाची बोटभर जाडीची हिरवी फांदी, सगळीकडे हाच अनुभव. पातळ पात्याची भीती वाटते ती वापरण्याआधीच. नंतर जाड पात्याकडे जायचा कंटाळा येतो.

लाकूड तासायला तर हा फारच गोड आहे. एका मुक्कामी तंबूच्या दोन खुंट्या कमी पडल्या. वाळलेली फांदी घेतली, एक टोक निमुळतं केलं आणि वरच्या बाजूला दोरी अडकायला खाच पाडली. खाच पाडताना आधी पातं आडवं दाबून एक सरळ छेद द्यायचा, मग त्या छेदाकडे तिरके काप घेत यायचं. ढलपी छेदापाशी येऊन आपोआप सुटते. पंधरा मिनिटांत दोन खुंट्या झाल्या. तळहात तपासला तर फोड नाही, लाली नाही. गोल मुठीचं हे सुख धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या चपट्या मुठीत नाही. पकड कशीही बदला, कुठलाही कोपरा टोचत नाही. थंडीत तर फरक आणखीच कळतो. पहाटे धातूची मूठ हातात धरवत नाही, लाकडाची धरवते.

आता पाणी.

तिसऱ्या महिन्यात एका मुक्कामावर संध्याकाळपासून पाऊस लागला. चाकू माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, आणि त्या कप्प्यात पाणी साचलेलं. रात्री वाऱ्याने तंबूची एक दोरी अशी काही गुंतली की सोडवण्यापेक्षा कापणंच बरं. चाकू काढला, पात्याच्या खाचेत नख घातलं, ओढलं. पातं हललंच नाही. पुन्हा ओढलं. नख मुळापासून वाकलं आणि मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सोबतच्या मित्राने शांतपणे आपला स्टेनलेसचा चाकू काढून एका हाताने उघडला आणि दोरी कापली. त्यानंतर सकाळपर्यंत मला जे ऐकावं लागलं, ते पावसापेक्षा जास्त होतं.

झालं होतं ते असं. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, पण लांबीत जवळजवळ नाही, आडव्या अंगाने फुगतं. बीच तर या बाबतीत जरा जास्तच उत्साही लाकूड. चिरेच्या दोन्ही भिंती रिव्हेटपाशी पात्याला चिमटा काढल्यासारख्या दाबून बसल्या होत्या. यावर एक जुना सॅव्हॉयी उपाय आहे, तो मला त्या रात्री माहीत नव्हता. कडं उघड्या बाजूला फिरवायचं, चाकू मानेजवळ धरायचा आणि मुठीचं मागचं टोक दगडावर किंवा ओंडक्यावर ठोकायचं. पातं झटक्याने चिरेतून थोडं वर येतं, मग चिमटीत धरून उघडता येतं. यात जादू काही नाही, मूठ थांबते आणि पातं थांबत नाही इतकंच. आता मी हे सराईतपणे करतो आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी खास विद्या आहे.

पण ठोकाठोकी हा रोजचा इलाज नव्हे. घरी आल्यावर चाकू आठवडाभर सावलीत सुकू दिला. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवायचा मोह आवरा, लाकूड तडकतं. मग पॉलिश पेपरची घडी करून चिरेत घातली आणि मानेजवळच्या दोन्ही भिंती घासल्या. खूप नाही, दहा-बारा हात एका बाजूला, तेवढेच दुसऱ्या बाजूला. मध्ये मध्ये पातं उघडझाप करून बघायचं. जास्त घासलं तर पातं ढिलं पडेल आणि घासून गेलेलं लाकूड परत येत नाही. नंतर मुठीवरचं चकचकीत वार्निशही उतरवलं, कारण ते बाहेरून कितीही चकाकत असलं तरी चिरेच्या आतलं लाकूड कोरडंच होतं आणि पाणी तिथूनच शिरत होतं. त्या जागी जवसाचं तेल. पहिला हात भरपूर, रिव्हेटच्या भोवती आणि चिरेच्या तळाशी मुरेल असा. अर्ध्या तासाने वर राहिलेलं पुसून काढायचं, दोन दिवस सुकू द्यायचं, पुन्हा पातळ हात. मी असे चार दिले. स्वयंपाकाचं न सुकणारं तेल लावू नका, ते तसंच राहून खवट होतं.

आणि तेल पुसलेलं फडकं बोळा करून कचऱ्यात टाकू नका, हे गमतीत घेऊ नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यात उष्णता सुटते आणि बोळ्यात ती कोंडली तर फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर मोकळं पसरून वाळवायचं, मगच टाकायचं.

एवढं केल्यावर पावसात तो अजिबात आखडत नाही असं म्हणणार नाही. आखडतो, पण नखाने उघडतो. आतापर्यंत दोन पावसाळी मुक्काम निभावले आहेत. मित्राचं बोलणं बंद झालेलं नाही.

पाण्याशी दुसरं वाकडं म्हणजे पात्याचं. माझं कार्बन स्टीलचं आहे, स्टेनलेस नाही. स्टेनलेस म्हणवून घ्यायला स्टीलमध्ये साधारण साडेदहा टक्के तरी क्रोमियम लागतं, तेव्हा कुठे वर गंज रोखणारा पापुद्रा धरतो. यात तो प्रकार नाही. पहिल्याच आठवड्यात लिंबू कापून चाकू तसाच ठेवला, अर्ध्या तासाने बघतो तर पात्यावर निळसर-करडे ढग. मी घाबरून घासायला बसलो, ती चूक. तो गंज नव्हे. आंबटामुळे पोलाद गडद होतं आणि तो काळपट थर पुढच्या तांबड्या गंजाला थोडाफार आवर घालतो. खरा गंज तांबूस असतो आणि बोटाला लागतो. तो दिसला की लगेच काढायचा, तेलाचा थेंब टाकून बारीक लोखंडी काथ्याने. आता माझं पातं सफरचंदं, कांदे, लिंबं यांच्या सगळ्या डागांचं मिळून पावसाळी आभाळासारखं झालंय. मला आवडतं, घरातल्यांना कळकट वाटतं. समुद्रावर मात्र हा थर पुरत नाही. एकदा खाऱ्या पाण्याच्या हाताने वापरून तसाच मिटला, सकाळी चिरेतून तांबडं पाणी निघालं.

मग कार्बन घ्यायचंच कशाला? धारेसाठी. धार टिकते किती यावर लोक वाद घालतात, मला त्यात पडायचं नाही. लागते किती चटकन, हे महत्त्वाचं. हजार नंबरच्या, म्हणजे बऱ्यापैकी बारीक कणांच्या, धारेच्या दगडावर दोन्ही बाजूंना दहा-दहा हात आणि झालं. कोनाचा बाऊ करू नका. पातं दोन सेंटिमीटर रुंद धरलं, तर त्याची पाठ दगडापासून सहा मिलिमीटर उचलली की १७ अंशांच्या आसपास कोन होतो, या पात्याला तो छान मानवतो. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बोटाला खरखर लागेपर्यंत घासायचं, मग बाजू बदलायची, शेवटी ती खरखर जुन्या कातडी पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढून काढायची. हा चाकू आला तेव्हा मला धार लावता येत नव्हती. शिकलो ती याच्यावर, आणि शिकतानाचे ओरखडे अजून पात्यावर आहेत.

कड्याबद्दल थोडं. त्याला एका बाजूला फट आहे. फट चिरेसमोर असेल तर पातं जातं-येतं. कडं फिरवलं की त्याचा भरीव भाग पात्याच्या टाचेमागे, म्हणजे रिव्हेटकडच्या टोकामागे, येतो आणि पातं मिटू शकत नाही. हल्लीच्या चाकूंत मिटलेल्या स्थितीतही ते अडकवता येतं, पिशवीत पातं उघडत नाही. इतकं साधं लॉक, बिघडायला काही नाही. फक्त ते तुम्हाला फिरवावं लागतं. एकदा टोकाने पट्ट्याला भोक पाडत होतो, कडं फिरवायला विसरलो. टोक अडकलं, पातं मिटलं आणि तर्जनीवर बसलं. टाके पडले नाहीत, वण राहिला. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून उघडलं की फिरव, ही सवय झाली आहे. कड्याखाली वाळू किंवा फळाचा चिकट रस गेला तर ते अडकतं. ओल्या फडक्याने पुसून तेलाचा एक थेंब पुरतो.

आणखी एक उद्योग केला होता. वाळलेलं लाकूड फोडायला पातं त्यावर ठेवून वरून ओंडक्याने हाणलं. लाकूड फुटलं, पण पातं डावीकडे-उजवीकडे हलायला लागलं. साहजिक आहे, सगळा मार एका रिव्हेटवर आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पातळ लाकडावर गेला. रिव्हेटचं एक डोकं लोखंडावर टेकवून दुसऱ्यावर लहान हातोडीने हलके ठोके दिल्यावर बराचसा ढिलेपणा गेला. पुन्हा तसं करणार नाही. डबे उघडणं, खिळे उचकटणं हेही याचं काम नव्हे.

हे आवडणार नाही अशा लोकांची यादी मोठी आहे. एका हाताने उघडत नाही. हातमोजे घालून नखाची खाच सापडत नाही. सतत पाण्यात, होडीत किंवा मासेमारीत वापरणाऱ्याने स्टेनलेस पात्याचा घ्यावा, लाकडाचं काय ते बघून घ्यावं. प्रवासाला निघण्याआधी तिथला कायदाही बघा. विमानात जवळच्या सामानात चालत नाहीच. आणि ब्रिटनसारख्या ठिकाणी ७.६२ सेंटिमीटरपर्यंतच्या धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकूच विनाकारण जवळ बाळगता येतो. म्हणजे बोट वाचवणारं हेच कडं तिथे अडचणीचं ठरतं.

परवाच्या फेरीत मित्राने माझा चाकू मागून घेतला, सफरचंद कापायला. कापून झाल्यावर पातं पँटला पुसलं, बोटाने कडं चाचपलं, पुन्हा एक फोड केली. मग आणखी एक. सफरचंद संपलं तरी चाकू परत येईना. शेवटी मीच मागितला, तर म्हणाला, "स्टेनलेसमध्ये मिळतो का रे?"