घरी काडतुसं भरायची ‘परवानगी’ विकणाऱ्या टोळीपासून सावध राहा

नागपुरातल्या आणि विदर्भातल्या नेमबाज मित्रांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. ‘हौशी नेमबाजांना घरी काडतुसं रीलोड करायची सरकारी परवानगी काढून देतो, यंत्रही आणून देतो’ असं सांगणारे लोक सध्या फोन करत आहेत. माझ्याकडून त्यांनी ६८,५०० रुपये उकळले आणि वर अटकेची धमकी देऊन आणखी दीड लाख मागितले. आमच्या रेंजवरच्या एका तरुण मुलालाही तसाच फोन आल्याचं कळलं, तेव्हा गप्प बसणं बरोबर वाटेना.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काडतूस झाडलं की त्याचं पितळी कवच शाबूत राहतं. त्यात नवी टोपी (बारूद पेटवणारा छोटा प्रायमर), बारूद आणि गोळी बसवून ते पुन्हा वापरात आणणं म्हणजे रीलोडिंग. अमेरिकेत हा अनेकांचा घरगुती छंद आहे. त्यासाठी लागणारं यंत्र, म्हणजे प्रेस, आणि बाकी सामान तिथे दुकानात मिळतं. आपल्याकडे .३२ बोरच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच आणि अधिकृत दुकानातूनच घ्यावी लागतात. पंचवीस मीटरवर हात बसवायचा तर सराव हवा, आणि सरावाला काडतुसं हवीत. नेमबाजाची ही तळमळ त्या लोकांना पक्की ठाऊक आहे.

फोनवरचा माणूस अगदी आपल्या बोलीत बोलायचा. ‘टेन्शन नका घेऊ भाऊ, आपलं काम सगळं लीगल हाय जी,’ हे त्याचं पालुपद. मी पहिल्याच बोलण्यात सांगितलं होतं की सरकारी कागद हातात आल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकणार नाही. आता मागे वळून बघताना कळतं, की त्यांना गिऱ्हाईक असंच हवं असतं. बेकायदा काम करायला तयार असलेला माणूस त्यांच्या उपयोगाचा नाही. तो धमकीला घाबरत नाही आणि पैसेही जपून देतो. कायदा पाळणारा माणूस कागद मागतो, म्हणून ते कागद बनवून देतात. खरा माल यंत्र नाहीच, तो कागद आहे.

‘प्रोसेसिंग’चे ६,५०० रुपये भरल्यावर पत्र आलं. अशोकस्तंभ, जावक क्रमांक, गोल शिक्का, बारकोड, सगळं जागच्या जागी. पुढे वकिलांसोबत बसून तेच पत्र ओळीनओळ वाचलं, तेव्हा त्यातली खोट दिसत गेली. ती नीट सांगतो, कारण दुसऱ्या कुणाच्या हातात असंच पत्र असू शकतं.

पत्रात ‘शस्त्र नियम १९६२’चा आधार दिलेला आहे. ते नियम आता लागू नाहीत; त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. खाली सही ‘जिल्हाधिकारी, नागपूर’ अशी आहे, पण नागपूर शहरात शस्त्र परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे असतं. आणि स्फोटकांच्या खात्याचा पत्ता सिव्हिल लाइन्सचा टाकलाय! देशभरातल्या स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच शहरात, सेमिनरी हिल्सला सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये आहे. टोळीने नागपूरचं नाव मुद्दाम घातलं असणार, म्हणजे इथल्या माणसाला ते ओळखीचं वाटावं. तुमच्याकडे असं पत्र आलं तर ते घेऊन थेट कार्यालयात जा. ज्या कार्यालयाचा शिक्का, त्याच कार्यालयात विचारायचं, फोनवरच्या माणसाला नाही.

पैसे कुठे जातात तेही बघा. राज्य सरकारची फी सरकारी खात्यात जमा होते, ग्रास या राज्याच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवर चलन निघतं आणि त्यावर क्रमांक असतो. इथे प्रत्येक वेळी वेगळ्याच कुणा व्यक्तीचा यूपीआय आयडी येत होता, आणि कारण विचारलं की ‘साहेबांच्या अकाउंटंटचा नंबर हाय’ असं उत्तर.

मग यंत्राचे अर्धे पैसे म्हणून ३८,००० गेले. त्यावर त्यांनी प्रेसचे आणि ‘फॅक्टरीतून आलेल्या’ रिकाम्या कवचांचे फोटो पाठवले. आपला माणूस पुलगावच्या डेपोत आहे, असंही सांगितलं. पुलगावचं नाव आपल्याकडे कुणाला माहीत नाही? लष्कराचा एवढा मोठा दारूगोळा डेपो तिथे आहे, म्हणून ते नाव वापरायचं. पण विचार करा, अशा ठिकाणाहून बाहेर आलेला खिळासुद्धा चोरीचा माल ठरेल.

फोटोतली खरी गोम ओळखली आमच्या रेंजवरच्या काकांनी. ते अंबाझरीच्या आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेत. त्यांनी फोटो मोठा करून कवचाच्या आत बघितलं आणि म्हणाले, ‘अरे, याला दोन भोकं आहेत, हे बर्डन आहे.’ टोपी बसवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. बॉक्सर पद्धतीत कवचाच्या तळाशी मधोमध एकच भोक असतं. बर्डनमध्ये दोन लहान भोकं असतात आणि मधे कवचाचीच उंच टोकदार ऐरण असते. घरगुती प्रेसची सरळ सुई बॉक्सर कवचातली टोपी काढते. बर्डनमध्ये ती मधल्या पितळावर आपटून वाकते नाहीतर मोडते. म्हणजे जो प्रेस ते विकत होते, त्यावर ती कवचं भरताच आली नसती. या विषयाची जाण असलेला माणूस असा फोटो पाठवणार नाही. काकांनी आणखी एक गोष्ट बजावली. बारूद चुकून दुप्पट पडलं तरी भरलेलं काडतूस बाहेरून तसंच दिसतं, आणि ते झाडलं तर रिव्हॉल्व्हर हातात फुटू शकतं. ‘हे काम फोनवर शिकवतो म्हणणारा माणूस तुझ्या बोटांचा विचार करत नाही,’ हे त्यांचे शब्द.

पण काका भेटण्याआधी ‘कस्टम्स’चा फोन येऊन गेला होता. पार्सल मुंबईला अडकलंय, ड्युटी भरा, आजच भरा. तेही २४,००० गेले. त्यानंतर सूर बदलला. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह. ‘तुमच्या नावावर दारूगोळ्याचं यंत्र आलंय, आर्म्स ॲक्ट लागेल, जन्मठेप होईल, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही.’ आणि मिटवून टाकायचे दीड लाख.

या धमकीत खरं आणि खोटं कसं कालवलेलं असतं ते समजून घ्या, कारण माणूस इथेच मोडतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि कलम २ मधल्या ‘दारूगोळा’ या व्याख्येतच तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. बाहेरून आणायचं तर कलम १० चा वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. हे सगळं खरं आहे. रिव्हॉल्व्हर बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे, हेही खरं. पण जी वस्तू आणायलाच परवाना लागतो, ती नुसती ड्युटी भरून सुटत नाही. कस्टम्सचं पत्र लेखी येतं, त्यावर पत्राचा ओळख क्रमांक (डीआयएन) असतो आणि तो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. आणि व्हिडिओ कॉलवरची अटक आपल्या कायद्यात नाही. मुळात पार्सलच नव्हतं.

मी कॉल कापला, फौजदारी वकिलांना भेटलो, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मग सायबर पोलिसांकडे गेलो. मनात भीती होती की तिथे आपल्यालाच गुन्हेगार ठरवतील. तसं काही झालं नाही. अधिकाऱ्यांनी सगळे निरोप, बनावट पत्र, व्यवहारांचे क्रमांक मागितले आणि जबाब घेतला. शेवटच्या हप्त्यातली काही रक्कम एका खात्यात गोठवली आहे.  आधीचे पैसे तोवर काढून घेतलेले होते. १९३० वर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी खात्यात काही शिल्लक सापडायची शक्यता जास्त. भीतीने घालवलेला प्रत्येक तास त्या लोकांना मिळतो.

पैशांपेक्षा मला आजही घोर लागलाय तो कागदपत्रांचा. अर्जासाठी म्हणून त्यांनी आधार आणि शस्त्र परवान्याची प्रत घेतली होती. परवान्याच्या प्रतीवर घराचा पत्ता असतो आणि त्या घरात कोणतं शस्त्र आहे तेही असतं. अनोळखी टोळीच्या हातात ही माहिती जाणं किती धोक्याचं आहे, हे नेमबाजाला वेगळं सांगायला नको. मी आमच्या पोलीस ठाण्यात आणि परवाना शाखेत लेखी कळवून दोन्हीकडे पोच घेतली, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि रिव्हॉल्व्हर ठेवायची तिजोरी बदलली. कुणीही व्हॉट्सॲपवर परवान्याची प्रत मागितली तर देऊ नका, मग तो स्वतःला दुकानदार म्हणो की क्लबचा माणूस.

ज्यांना आधीच असा फोन आलाय, त्यांनी गप्पा पुसू नयेत. ही मंडळी पैसे मिळाले की आपले निरोप ‘सगळ्यांसाठी’ डिलीट करतात. माझ्याकडचे अर्धे तसेच गेले. म्हणून फोन आल्या दिवसापासून स्क्रीनशॉट काढा, त्यात नंबर आणि वेळ दिसू द्या, यूपीआयच्या पावत्या वेगळ्या जपून ठेवा आणि पत्राची मूळ फाइल आहे तशीच पेनड्राइव्हवर घेऊन पोलिसांकडे जा. पैसे गेले नसले तरी जा, कारण तुमच्याकडच्या नंबरवरून दुसऱ्याच्या तक्रारीतलं खातं सापडू शकतं.