वुई वेअर लायर्स : बेट अमेरिकेचं, भांडणं आपल्याकडची

भाची नीटच्या क्लाससाठी लातूरला आमच्याकडं राहती, तिच्या फिजिक्सच्या मॉड्यूलमधी हे पुस्तक दडवलेलं सापडलं. रागवणारच होतो पण ती म्हणली मामा आधी सुरुवात तर वाचा, मग बोला. वाचली. त्या रात्री ती गपचूप मॉड्यूल सोडवायली आणि मी गच्चीवर हे पुस्तक घेऊन, असा उलटा कारभार.

ई. लॉकहार्ट ह्या अमेरिकन बाईचं २०१४ चं पुस्तक आहे. कॅडन्स नावाची पोरगी आपली गोष्ट आपणच सांगती. आजोबा गडगंज, मॅसॅच्युसेट्सच्या बाजूला समुद्रात ह्यांचं स्वतःचं बेट, त्यावर आजोबाचं एक घर आणि तिन्ही लेकींची तीन, दर उन्हाळ्यात सगळं खटलं तिथं जमतं. पंधराव्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिला काहीतरी होतं, डोक्याला मार बसतो, तेव्हापासून डोकं ठणकतं आणि त्या सुट्टीतलं नीट आठवत नाही. सतराव्या वर्षी परत बेटावर येती आणि सगळ्यांना विचारत फिरती, तर कुणी सांगंना. आई म्हणती डॉक्टर म्हणलेत तुझं तुलाच आठवू दे.

आता सुरुवातीचा किस्सा बघा. बाप घर सोडून चाललाय, बॅगा गाडीत टाकल्या, आणि बंदूक काढून पोरीच्या छातीत गोळी घालतो. रक्त अंगणभर. मी आं करून दोन ओळी मागं गेलो, म्हणलं आपलं इंग्रजी कच्चं का काय. गोळीबिळी काही नाही, तिला तसं वाटलं एवढंच, आणि आई शेजारून म्हणती नीट वाग, काही झालं नाही असं वाग. म्हणजे लेखिकेनं तिथंच सांगून टाकलंय की ही पोरगी जे सांगंल ते जपून घ्या, तरी आपण पुढं दोनशे पानं तिच्यावर भरवसा ठेवून चालतो.

ह्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. शब्द जड आहे पण आमच्या घरी तो आत्याच्या रूपात बसलेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारीचा भूकंप, विसर्जन करून लोक नुकतेच झोपलेले. आत्या सांगती की माळवदाची माती कशी तोंडात गेली, तिला कुणी ओढून काढलं, ऐकताना अंगावर काटा येतो. आणि आमचे वडील म्हणायचे ती त्या रात्री सासरी सोलापूरला होती. आत्याला खोटारडी म्हणायची कुणाची छाती नाही, आणि ती खोटं बोलायली असं मला वाटतपण नाही. कॅडन्सचं वाचताना मला सारखी आत्याच दिसायली.

दुसरी गंमत, ह्यात एक पाटील आहे! गॅट पाटील. कॅडन्सच्या मावशीचा जो जोडीदार, त्याचा पुतण्या. म्हाताऱ्याला हे पाटील लोक बेटावर चालत नाहीत, तोंडावर काही म्हणणार नाही पण नजरेत कळतं. आपल्याकडं पाटील म्हणजे ज्याच्या वाड्यावर बाकीच्यांनी बाहेर उभं राहायचं तो, आणि तिथं पाटलाचंच पोरगं उंबऱ्याबाहेर. हे वाचून जरा बरं वाटलं, खरं सांगतो. पण पाटीलपण त्याच्यात आडनावापुरतंच, त्याची आणि कॅडन्सची लव्हस्टोरी पण मला पातळ वाटली.

खरा रंग आहे तो वाटणीचा. तिघी बहिणी घरांवरून, आईच्या मागं राहिलेल्या वस्तूंवरून झोंबायल्यात, दारू पिऊन एकमेकींना बोलायल्यात, नातवंडांना पुढं करायल्यात की जा आजोबाशी गोड बोल. आणि म्हातारा मजा बघत प्रत्येकीला आशा लावून ठेवतो. औसा तालुक्यात हेच बांधावरून चालतं, फरक एवढाच की आपल्याकडं बहिणींची हक्कसोडीवर सही घेतात आणि भांडायचा मान भावांना मिळतो.

वैताग पण आहे. बाई मधेच वाक्य तोडून.
असं.
खाली खाली.
लिहिती, कविता समजून. दोनचारदा चांगलं वाटतं, मग डोळ्यात खडा गेल्यागत होतं. मधली काही पानं नुसतं समुद्र, पोहणं, गोरे लोक दुःखी. नावं पण लई, पण सुरुवातीला वंशावळ आणि बेटाचा नकाशा दिलाय, तिथं बोट ठेवून वाचा. मराठी मीडियमच्या अकरावीच्या पोराला झेपंल असं इंग्रजी आहे. २०२५ मधी प्राईमवर सिरीज पण आलीय, ती आधी बघू नका, पुस्तकाची सगळी मजा जाईल.

चार स्टार. एक कापला तो तोडलेल्या ओळींसाठी. संपल्यावर लगेच पहिल्या पानावर या, वाक्यं तीच पण अर्थ दुसराच लागतो, मी रात्री दीडला परत सुरू केलं आणि सकाळी ऑफिसला लेट.

शेवट विचारू नका. पाठीमागच्या कव्हरवरच लिहिलंय, कुणी विचारलं तर खोटं सांगा म्हणून. बायकोनं विचारलं, मी म्हणलं दोघांचं लग्न होतं, आजोबा बेट पाटलाच्या नावावर करतो. ती आता निवांत वाचायलीय.