जाडीमापक, चुना आणि डिझेल : लोखंडी नावेच्या तळाशी नऊ महिने

आमची नाव चिकोडी तालुक्यात, यडूरच्या खालच्या अंगाला कृष्णेच्या काठी असते. अठरा फूट लांब, पाच फूट रुंद, सपाट तळाची, ३ मिमी पत्र्याची अशी ही साधी नाव आहे. आतून दीड-दीड फुटावर अँगलच्या अकरा फासळ्या, दोन्ही कडांना लांबीचा एकेक अँगल, त्यावर पाय घसरू नये म्हणून उठावाच्या नक्षीचा चेकर पत्रा आणि पुढे-मागे एकेक बंद हवेची पेटी, एवढीच तिची घडण. पलीकडच्या मळीच्या रानात खताची पोती नेणे आणि नदीतल्या मोटारीच्या फुटव्हॉल्व्हचा, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडावरच्या झडपेचा, कचरा काढणे (आमच्याकडे त्याला सगळे फुटबॉलच म्हणतात) ही तिची रोजची कामे आहेत. राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक सुटले हे विचारत बसण्याचे पुराचे दिवस आले की हीच नाव गावाच्या उपयोगी पडते, त्यामुळे तिच्या तळाविषयी मनात शंका ठेवून चालत नाही.

गेल्या वर्षी गणपतीपासून रोज सकाळी नावेतून तीन बादल्या पाणी निघू लागले आणि आत सातव्या फासळीच्या डाव्या बाजूला चहाच्या रंगाचा ओघळ दिसू लागला. त्याच जागी दोनदा इपॉक्सी पुट्टी भरून झाली, पाणी मात्र तेवढेच राहिले. शेवटी नोव्हेंबरात नाव काठावर ओढली आणि सुमारे अकरा हजार रुपयांना एक अल्ट्रासॉनिक जाडीमापक मागवला. मुठीएवढे यंत्र, त्याला वायरने जोडलेला, पत्र्यावर टेकवायचा दहा मिलिमीटर व्यासाचा प्रोब आणि अंगावरच बसवलेली, ठरावीक जाडीची तपासणीची छोटी चकती असे त्याचे स्वरूप आहे. त्याच घडणीची यंत्रे निरनिराळ्या नावांनी विकली जातात, म्हणून ब्रँडचे नाव देण्यात अर्थ नाही. नऊ महिने हे यंत्र वापरल्यानंतरचा हा अनुभव आहे.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण मी स्वतः त्याच गैरसमजात पैसे भरले होते. हे यंत्र गळती शोधत नाही. ते पत्र्यात ध्वनिलहर सोडते, ती पलीकडच्या पृष्ठभागावरून परत यायला लागलेला वेळ मोजते आणि त्यावरून जाडी सांगते. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५९०० मीटर असल्यामुळे ३ मिमी पत्र्यात ही जा-ये एका मायक्रोसेकंदात संपते. सुईएवढे भोक शेजारी असले तरी यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. मात्र पत्रा कुठे किती खाल्ला गेला आहे हे ते एकाच बाजूने, न कापता सांगते, आणि माझ्या बाबतीत नेमकी तीच माहिती कामी आली.

वापरताना दोन गोष्टी पदरमोड करून शिकलो. पहिली रंगाची. रंगाच्या थरात ध्वनी पोलादाच्या निम्म्याहूनही कमी वेगाने जातो आणि यंत्र मात्र तो सगळा वेळ पोलादाचाच धरते. आमच्या नावेवर वर्षानुवर्षांच्या रंगाचे पापुद्रे होते, त्यामुळे पहिल्या दिवशी मला तळ ३.६ मिमी जाड असल्याचे कळले आणि मी काही क्षण खूशही झालो! मूळ पत्राच ३ मिमी असताना हे शक्य नाही हे लक्षात आल्यावर प्रत्येक जागी जुन्या रुपयाएवढा रंग ग्राइंडरने काढून मोजणी पुन्हा केली. रंग वगळून मोजणारी यंत्रे मिळतात, पण ती बरीच महाग आहेत.

दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे आणि यंत्राबरोबरच्या कागदावर ती अगदी बारीक अक्षरात एका ओळीत उरकली आहे. माझ्या यंत्राची किमान मर्यादा १.२ मिमी आहे, आणि त्याहून पातळ पत्र्यावर यंत्र पहिला प्रतिध्वनी चुकवून दुसरा पकडते व जाडी दुप्पट दाखवते. सातव्या फासळीजवळ मी दर दोन इंचांवर मोजत होतो आणि आकडे १.६, १.४, १.३ असे उतरत असताना पुढच्याच खुणेवर २.२ आले. इथे पत्रा शाबूत आहे असे समजून मी वहीत तसे लिहिलेही. नंतर शंका आली म्हणून गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोकले, तर पहिल्या ठोक्याला खळगा पडला आणि दुसऱ्याला हातोडीचे तोंड आरपार गेले. फाटलेल्या कडेला व्हर्निअर (जाडी मोजायचे कॅलिपर) लावले तेव्हा ती १.१ मिमी भरली. आकडे उतरत जाऊन अचानक वर चढले, तर तिथे हातोडी घ्यावी आणि यंत्र बाजूला ठेवावे, असे मी तेव्हापासून ठरवून टाकले आहे.

प्रोब आणि पत्रा यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून जेल लागते. सोबत आलेली बाटली दोन दिवसांत संपली. त्यानंतर खोबरेल तेल वापरून पाहिले, पण डिसेंबरच्या सकाळी आमच्याकडे ते बाटलीतच गोठलेले असते. औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन स्वस्त आहे आणि चांगले चालते, फक्त रंगकामाआधी ते पाण्याने धुऊन काढले पाहिजे.

तळावर सहा इंचांचे चौकोन आखून सगळे आकडे खडूने पत्र्यावर आणि पेनाने वहीत लिहिले, तेव्हा जे चित्र दिसले त्याची मला अपेक्षा नव्हती. बहुतेक तळ २.८ ते २.९ होता. सहाव्या आणि आठव्या फासळीच्या मधला भाग मात्र १.१ ते १.६ वर आला होता, आणि बाहेरून तिथला रंग जवळजवळ धड होता. म्हणजे नदीने बाहेरून काहीच खाल्ले नव्हते. चेकर पत्रा उचलल्यावर उलगडा झाला. त्याच्याखाली दोन बोटे गाळ घट्ट बसला होता आणि त्यात पोटॅशचे गुलाबी खडे रुतलेले होते. उसासाठी नेलेली पोती आम्ही नेहमी याच जागी रचत आलो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, आणि त्यातले क्लोराईड लोखंडावर मिठासारखेच काम करते. ओला गाळ, त्यात क्लोराईड आणि वर झाकण, यापेक्षा वाईट जागा पत्र्याला मिळणार नाही. गाळाखालची खपली उचकटली तेव्हा ती वरून तपकिरी आणि पत्र्याकडून काळी, ओलसर होती, आणि तिचे पापुद्रे बिस्किटासारखे सुटत होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असते, त्यामुळे खपलीची जाडी पाहून पत्रा किती उरला याचा अंदाज बांधू नये.

गळतीचा शोध मात्र चुना आणि डिझेल यांनीच लावला. फॅब्रिकेशनच्या कामात वेल्डिंगचा सांधा तपासण्याची ही जुनी रीत आहे. पूर्वी त्यासाठी रॉकेल वापरत, आता ते मिळत नाही म्हणून डिझेल. नाव चार लाकडी ठोकळ्यांवर घेतली, बाहेरून सगळ्या सांध्यांना चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर आतून सांध्यांत तेल लावून रात्रभर ठेवले. सकाळी डाव्या कडेला, चौथ्या फासळीच्या समोर, पांढऱ्या चुन्यावर हरभऱ्याएवढा ओला डाग उमटला होता. आतला ओघळ सातव्या फासळीपाशी आणि बाहेरचे तोंड चौथ्या फासळीपाशी, म्हणजे मध्ये साडेचार फुटांचे अंतर. कडेचा अँगल सलग न जोडता टाके मारून जोडलेला असल्यामुळे त्याच्या आणि पत्र्याच्या फटीतून पाणी तेवढा प्रवास करत होते. पुट्टी दोन्ही वेळा चुकीच्या टोकाला गेली होती. डिझेल लावलेल्या जागी वेल्डिंग करण्याआधी ते कपडे धुण्याच्या पावडरीने पूर्ण काढावे लागते, आणि बंद पेटीत तर ते कधीही ओतू नये, कारण ठिणगी पडली तर आतली वाफ पेट घेईल.

हवेच्या पेट्यांसाठी म्हणून वेगळा मार्ग घेतला. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावण्याचा सल्ला दोघांनी दिला, परंतु एक बार दाब म्हणजे चौरस मीटरला सुमारे दहा टन, आणि सपाट पत्रा त्याने फुगून सांधेच उखडतील. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी पेटीला जोडली, तिच्यात पाणी भरले आणि दोन पातळ्यांत वीस सेंटिमीटर फरक दिसेपर्यंतच हवा दिली. हा दाब चौरस मीटरला दोनशे किलोच होतो. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे मागच्या पेटीच्या एका कोपऱ्यात लगेच आले, पुढची पेटी मात्र निर्दोष निघाली.

दुरुस्तीच्या वेळी वेल्डिंगवाल्यांशी थोडा वाद झाला. “अण्णा, कापायचं कशाला? वरनं पट्टी मारून देतो की,” असे त्यांचे म्हणणे होते आणि खर्चाच्या दृष्टीने ते बरोबरही होते. परंतु पट्टी आणि जुना पत्रा यांच्यामध्ये पुन्हा तीच फट तयार होते, आणि १.३ मिमीच्या पत्र्यावर वेल्डिंगचा आर्क धरतानाच भोके पडतात. म्हणून चांगला पत्रा लागेपर्यंत खराब भाग कापला, कोपरे गोल ठेवून नवा ३ मिमी तुकडा बसवला आणि कडेच्या अँगलचे टाके सलग जोडून घेतले. कुठपर्यंत कापायचे हे अंदाजाने न ठरवता २.५ च्या आकड्यांवरून रेघ मारून ठरवता आले, आणि या एका कामात यंत्राचे पैसे वसूल झाले असे मी मानतो. आतून रेड ऑक्साईडवर भागवण्याऐवजी दोन डबे एकत्र मिसळून वापरायचा इपॉक्सी रंग दिला. काठावर सकाळी पत्र्याला दव धरते, म्हणून अकरा वाजण्यापूर्वी डबा उघडायचा नाही असे ठरवून घेतले होते.

एक आडवाटेची गोष्ट. आमच्या नावेला गोव्याहून आणलेला जस्ताचा ठोकळा दोन वर्षे लावलेला होता आणि त्यावर पांढरा थर धरण्यापलीकडे काहीच झाले नव्हते. समुद्रात जस्त झिजून लोखंड वाचवते, गोड्या पाण्यात मात्र ते निष्क्रिय होऊन बसते आणि तिथे मॅग्नेशियम लागते. आता मॅग्नेशियमचे दोन ठोकळे लावले आहेत.

यंत्राविषयीच्या तक्रारी सांगायच्या राहिल्या. बॅटरी बदलली की ध्वनिवेगाची नोंद मूळ आकड्यावर जाते आणि दरवेळी चकतीवर पुन्हा तपासावे लागते. उन्हात पडदा दिसत नाही, त्यामुळे मी डोक्यावर पोते घेऊन आकडे वाचत असे. पाचव्या महिन्यात प्रोबची वायर मुळाशी ढिली होऊन आकडे उड्या मारू लागले. विक्रेत्याने दोन निरोपांना उत्तर दिले नाही, शेवटी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ती साठ रुपयांत झाळून घेतली. दोन-तीन नावा किंवा पाण्याच्या टाक्या असलेल्याने हे यंत्र जरूर घ्यावे, एकाच नावेसाठी मात्र ते चार जणांत मिळून घेणे शहाणपणाचे आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाव पुन्हा पाण्यात उतरवली. पोटॅशची पोती आता प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर आणि दरवेळी वेगळ्या जागी ठेवतो, चेकर पत्र्याचे तुकडे वेल्डिंगऐवजी बोल्टने बसवले आहेत आणि महिन्यातून एकदा ते उचलून खालचा भाग धुतो. कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली गेला त्या आठवड्यात नाव रोज वापरली आणि सकाळी तळाशी तांब्याभर पाणी निघे, तेही बहुतेक पावसाचे. मागच्या फळीला इंजिन जिथे आवळले जाते तिथल्या खालच्या उजव्या बोल्टपासून मात्र एक बारीक तांबूस रेघ परत दिसू लागली आहे. फळीचे लाकूड फुगून बोल्टभोवतीची जागा सतत ओली राहत असावी, असा माझा अंदाज आहे. पाणी उतरल्यावर दिवाळीनंतर ती फळी सोडवणार आहे. तोवर रेघेच्या टोकाला तारखेसह खडूची खूण केली आहे, आणि गेल्या तीन आठवड्यांत ती खुणेच्या खाली बोटभर उतरली आहे.