८×४२ दुर्बीण: एक पावसाळा अन् एक हिवाळा वापरून

दुर्बीण घ्यायची म्हणून कोणी विचारलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती लांबचं दिसते?" मीही दुकानात हेच विचारलं होतं आणि तिथेच चुकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानातून आधी बाराशेची एक छोटी दुर्बीण घेतली होती, वर ठसठशीत ३०×६० लिहिलेलं. घरी येऊन समोरची काच पट्टीने मोजली तर २२ मिलीमीटर भरली. दुर्बिणीवरचा पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार आणि दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, म्हणजे ते ६० सरळ खोटं होतं, आणि ३० पट तर हातात धरून कोणालाच वापरता येत नाही, चित्र नुसतं थरथरतं. परत करायला गेलो तर बॉक्स फोडला आता होत नाही म्हणाले. पैशापेक्षा वाईट वाटलं ते याचं की माझ्या नववीतल्या पोरीने गोरेवाडा तलावावर त्यातून पाहिलं आणि "बाबा, यात तर सगळं धुकंच आहे" म्हणून माझ्या हातात परत दिली.

मग वाचलं, दोन-चार पक्षीमित्रांना विचारलं आणि ८×४२ घेतली. आठच पट, पण ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणारा उजेडाचा गोल सव्वापाच मिलीमीटरचा. त्या २२ च्या काचेतून आठ पटीला तो पावणेतीनचा पडतो. भर उन्हात फरक कळत नाही, पण पावसाळ्यात ढग दाटले की सगळा खेळ इथेच आहे, आणि आपल्याकडे पाहण्यासारखं सगळ्यात जास्त पावसाळ्यातच घडतं.

मागच्या ऑगस्टमध्ये उमरेडच्या बाजूला एका गावतलावावर गेलो होतो, अर्धा तलाव शिंगाड्याच्या वेलीने भरलेला, वरून बारीक झिमझिम सुरू. पानांवर कमळपक्षी चालून राहिला होता, काळपट अंगाचा, पंख कांस्यासारखे, डोळ्यावर पांढरी भुवई. त्याची बोटं बघा कधी नीट, अंगाच्या मानाने इतकी लांब की वजन चार पानांवर वाटलं जातं आणि पान बुडत नाही. तर तो मध्येच थांबला, जरा खाली बसला, पंख किंचित उघडले, आणि उठला तेव्हा पंखांखालून काड्यांसारखे पाय लोंबत होते. मी मोजले, सहा. तीन पिल्लं काखेत घेऊन तो तसाच पुढच्या पानावर गेला! पोरीने दुर्बीण माझ्या हातातून ओढूनच घेतली. काठावर एक ढिवर, म्हणजे मासेमार, काका डोंगा बांधत होते, ते म्हणाले, "माय नाही जी ते, बाप आहे. बापच फिरवते पिलायले."

काका शंभर टक्के बरोबर होते. कमळपक्ष्यांमध्ये मादी मोठी, जागा राखणारी, एका हंगामात तीन-चार नरांसोबतही जोडी करणारी, आणि अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची ती एकट्या बापाने. घरटं पाण्यावर तरंगतं, पाणी वाढलं की अंडी जातात, साप-कावळे खातात ते वेगळं, म्हणून मादी पुन्हा पुन्हा अंडी द्यायला मोकळी राहावी यातून हे आलं असावं असं मानतात. या जातीत पंखातलं एक हाड पात्यासारखं चपटं रुंद झालेलं असतं, पिल्लं काखेत धरायला ते कामी येत असावं. रंगीत पाणलावाही यांच्याच जवळचा नातलग, तिथेही मादीच जास्त रंगीत आणि उबवणारा नर.

हे सगळं मला आठ पटीत दिसलं, कारण चित्र उजळ होतं आणि आवाका मोठा होता, पक्षी हलला तरी चौकटीतच राहिला. दहा पटीत मी त्याला दोनदा हरवला असता.

त्याच तलावावर टिबुकली होती, बुड्या मारणारी ती छोटी. तिचे पाय अंगाच्या पार मागे, बोटांना पडद्याऐवजी झालरी. डीएनए तपासल्यावर कळलं की या टिबुकलीच्या कुळाचे सगळ्यात जवळचे नातलग बदकं नाहीत, रोहित आहेत, म्हणजे फ्लेमिंगो! पोरीला सांगितलं तर ती दहा मिनिटं तिच्याकडेच पाहत बसली. तसंच ससाणा. तो घारी-गरुडापेक्षा पोपटाच्या जास्त जवळचा आहे, चोचीवरून आणि पंजावरून मात्र कोणीही फसेल.

मे महिन्यात सेमिनरी हिल्सला राखी धनेश बघितला. मादी ढोलीत स्वतःला चिणून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर घशातून एक-एक फळ वर काढून त्या फटीतून देतो. आम्ही पाहिलं तेव्हा त्याने एका खेपेत चौदा वडाची फळं दिली. ती जड चोच पेलायला धनेशाच्या मानेचे पहिले दोन मणके जुळून एक झालेले असतात, दुसऱ्या कुठल्या पक्ष्यात असं नाही.

जानेवारीत मेळघाटला रानपिंगळ्यासाठी, म्हणजे जंगलातल्या एका दुर्मिळ छोट्या घुबडासाठी गेलो. हा पक्षी १८८४ नंतर कोणाला मिळालाच नव्हता. १९१४ चा म्हणून एक नमुना होता, पण तो संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. शेवटी १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला, ११३ वर्षांनी. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याच्या डोक्यावर जवळपास नसतातच, आणि ओळख पटवायची ती अशा खुणांवर. आम्हाला सागाच्या वाळक्या फांदीवर, सकाळी नऊला, चांगला पाच मिनिटं दिसला, आणि डोक्याचा माथा स्पष्ट दिसला. दुर्बिणीचे पैसे माझ्यासाठी तिथेच वसूल.

आता तक्रारी. वजन साधारण ७०० ग्रॅम, सोबतचा पट्टा मानेत रुततो, मी खांद्यावरून क्रॉस घालायचा पट्टा वेगळा घेतला. मोकळ्या आभाळासमोर धनेश बसला की कडेला जांभळी रेघ दिसते. डोळ्याजवळची रबरी कप फिरवायची असतात, उजवीकडचं सहा महिन्यांत सैल झालं. चष्मा असेल तर ती कप खाली करूनच बघा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. आणि उजव्या बाजूची रिंग एकदा आपल्या डोळ्याप्रमाणे लावून घ्या, बरेच जण ती कधी हातच लावत नाहीत आणि मग डोकं दुखते म्हणतात.

घेताना दुकानाच्या आत उजेडात बघू नका, संध्याकाळी जा, बाहेर येऊन लांबच्या झाडाची पानं बघा. उजेडाकडे तोंड करून हातभर लांब धरून डोळ्याकडच्या काचेतला उजेडाचा ठिपका पूर्ण गोल आहे का तेही बघा. मला ११ हजारांना पडली. बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा.